दार दिसेल अशी खाट

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात महिला वॉर्डातल्या खोल्यांना आतून कडी नसते. दारू एकदम बंद झाली की पहिले काही दिवस नाजूक असतात. हात थरथरतात, घाम सुटतो, भास होतात, एखादीला फिट येते. अशा वेळी सिस्टरला क्षणात आत शिरता यायला हवं, म्हणून कड्या काढलेल्या.

मी या कामात नवी होते तेव्हा चाळिशीची एक बाई दाखल झाली. रोजच्या तीन क्वार्टर. टर्कीत, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासात, झोप लागत नाहीच, त्यामुळे ती रात्रभर भिंतीला पाठ लावून बसते याचं कुणाला नवल वाटलं नाही. औषधं चालू होती, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं चालू होती. सहाव्या दिवशी थरथर थांबली, जेवण जाऊ लागलं. झोप मात्र येईना. राउंडला गेले तर हळूच म्हणाली, "ताई, ह्या दाराला कडी न्हाई."

मी विचारलं, का? आणि विचारतच गेले. नवव्या वर्षापासून नात्यातल्या एका माणसाचं रात्रीचं येणं, आईनं तोंड दाबून गप्प बसवणं, लग्नानंतरची मारहाण. दीड तासात तिनं सगळं बाहेर काढलं. मन मोकळं झालं, असं समजून मी समाधानानं घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं डिस्चार्ज मागितला. आठवडाही झाला नाही तोवर तिचं पिणं पुन्हा सुरू झालं.

चूक माझी होती. इतकी वर्षं जिनं त्या आठवणीवर झाकण ठेवलं ती दारू आम्ही सहा दिवसांपूर्वी काढून घेतली होती. उघड्या जखमेत मी हात घातला आणि रात्री तिला एकटं सोडून निघून गेले.

आमच्याकडे जुना शिरस्ता होता : आधी व्यसन सोडवा, मनाचं नंतर बघू. तोही मला पटत नाही. जिला झोपण्यासाठी क्वार्टर लागते, तिच्या झोपेचं काय, हे न विचारता क्वार्टर सोडा म्हणणं क्रूर आहे. जुडिथ हर्मन यांनी 1992 साली 'ट्रॉमा अँड रिकव्हरी'मध्ये आघातातून सावरण्याचे टप्पे मांडले, त्यात सगळ्यात आधी येते सुरक्षितता. आठवणींत उतरणं त्यानंतरचं. लिसा नजाविट्स यांची 'सीकिंग सेफ्टी' ही पद्धत तर व्यसन आणि आघात दोन्हींवर एकाच वेळी काम करते, आणि तेही जुनं सगळं उकरायला न लावता. मी ही पुस्तकं वाचलेली होती. पण सुरक्षितता म्हणजे आमच्या वॉर्डात नेमकं काय, हे मला त्या बाईनं शिकवलं.

चार महिन्यांनी ती परत आली. या वेळी मी एकच प्रश्न विचारला : "खाट कुठं लावू?" तिनं कोपरा दाखवला. पाठीला भिंत, समोर दार. रात्रीच्या सिस्टरनं आत येण्याआधी बाहेरूनच आपलं नाव सांगायचं, आणि अंगाला हात लावण्याआधी विचारायचं, असं ठरलं. पॅसेजमधला दिवा चालू ठेवला. दुपारी ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला बसायची. डोक्यात ते जुनं सुरू झालं की बोटांनी खडा शोधायचा, तो कसा लागतो ते मोठ्यानं सांगायचं, एवढाच आमचा सराव. दुसऱ्या आठवड्यात ती सलग चार तास झोपली. त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो.

तिच्या लहानपणाविषयी आम्ही बोललो ते पुष्कळ पुढे, तिनं विषय काढला तेव्हा. तेही पंधरा-वीस मिनिटं, मग चहा, आणि रात्री कोण सोबतीला आहे याची खात्री करूनच.

2019च्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण 27.3 टक्के आणि स्त्रियांचं 1.6 टक्के दिसलं. स्त्रियांचा हा आकडा लहान आहे म्हणूनच तिच्यासारख्या बाया एकट्या पडतात. पुरुषांच्या वॉर्डात भेटीच्या दिवशी बायको डबा घेऊन येते. आमच्याकडे त्या दिवशी व्हरांडा रिकामा असतो. आलंच कुणी, तर बहीण किंवा म्हातारी आई. नवरा सहसा येत नाही. मला त्याचा राग येतो, अजूनही.

म्हणून आम्ही भेटीच्या दिवशी सगळ्यांना एकत्र पोळ्या लाटायला बसवतो. जुन्या बायाही येतात. गेल्या महिन्यात तांदूळ निवडणारी ती बाईही आली होती. त्याच दिवशी गोळ्यांच्या आहारी गेलेली एक पोरसवदा मुलगी दाखल झाली, कुणाशी बोलेना, बॅग छातीशी धरून दारात उभी. पिठाच्या हातांनीच ही उठली, तिच्यापासून दोन हात लांब थांबली आणि म्हणाली, "ती कोपऱ्यातली खाट घे. तिथनं दार दिसतं."