यवतेश्वरचा उतार

सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळून आलेल्या माणसाला सगळे चढाबद्दल विचारतात. घाट किती खडा आहे, दम किती लागला, मधे चालावं लागलं का? माझं म्हणणं असं की चढ दमवतो हे खरं, पण ही शर्यत ठरते उतारावर. २१.१ किलोमीटरची वाट. आधी शहरातून समर्थ मंदिरापर्यंत यायचं, कासच्या रस्त्याला लागून यवतेश्वरचा घाट चढायचा, वर वळायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. जेवढं चढलो तेवढं उतरायचं, तेही थकलेल्या पायांनी.

मी साताऱ्याचीच. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं आणि त्याच वर्षी ही स्पर्धाही सुरू झाली. तेव्हापासून पावसाळा सरत आला की कासला जाणाऱ्या पाहुण्यांबरोबर हा घाट मी गाडीतून कितीदा तरी पाहिला होता. पण कुठल्या वळणानंतर रस्ता जरा सैल होतो आणि कुठे वारा छातीवर येतो, हे गाडीत बसून कळत नाही.

सराव अजिंक्यतारा किल्ल्यावर केला. पहाटे तिथल्या ‘चार भिंती’ स्मारकापाशी भेटणारे एक निवृत्त काका माझं पळणं रोज बघायचे. एकदा थांबवून म्हणाले, “पोरी, चढायला कुणीही शिकतं. उतरायला शीक. पाऊल लांब टाकू नकोस, शरीराखालीच पडू दे.” तेव्हापासून किल्ल्यावरून परत येताना मी छोटी, भराभर पावलं टाकायला लागले. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करतात. चढताना लागलेला दम थांबलं की बसतो. उताराचा मार मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर येतो. सवय असली तर पुष्कळच कमी.

शर्यतीच्या सकाळी पाऊस भुरभुरत होता. गावातून पळताना लोक दारात उभे होते. ढोल-ताशा वाजत होता, शाळेच्या मुली लेझीम खेळत होत्या, आणि एक आजी येणाऱ्या प्रत्येकाला “चला, चला” म्हणत होत्या. एरवी बाईमाणूस भर रस्त्यात पळायला लागली की बघणारे वेगळ्या नजरेने बघतात. त्या सकाळी सगळा रस्ता आमचा होता. मला त्याचं फार अप्रूप वाटलं, आजही वाटतं.

घाट लागला तसं बोलणं बंद झालं. नुसते श्वास आणि ओल्या डांबरावरचे बूट. डावी-उजवीकडे हिरवं, त्यात तेरड्याचे गुलाबी ठिपके. खाली शहर धुक्यात गेलेलं. एका वळणावर काही मुली हलक्या पावलांनी माझ्या पुढे गेल्या. पाण्याच्या टेबलापाशी पुन्हा दिसल्या तेव्हा विचारलं, तर माण तालुक्यातल्या निघाल्या. ललिता बाबर त्यांच्याच तालुक्यातल्या मोहीच्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून त्या दहाव्या आल्या. दुष्काळी माणची एक मुलगी तिथवर जाऊन आली, हे त्या पोरींच्या चालीत दिसत होतं. ललिताताईंचं नाव काढताच त्यांचे चेहरे उजळले.

वरून परत वळल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. आजूबाजूचे लोक हात पसरून, मोठ्या ढांगा टाकत सुसाट निघाले. मला काकांचा आवाज आठवला. छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला, नजर पुढच्या वळणावर. पुढे गेलेल्यांपैकी कितीतरी जण घाटाच्या खालच्या टप्प्यात कठड्याला धरून मांड्या चोळताना दिसले. एकाच्या पोटरीत गोळा आला होता. दोन स्वयंसेवक मुलं रस्त्यावर बसून त्याचा पाय ताणत होती, पाऊस त्यांच्या पाठीवरून निथळत होता. अशी मुलं वाटेत जागोजागी होती, म्हणून आमच्यासारखे हौशी लोक निर्धास्त पळू शकतात.

समर्थ मंदिरापाशी आले तेव्हा पाय भरून आले होते, पण चालत होते. शेवटचा शहरातला रस्ता मी न थांबता पळले. पदक गळ्यात पडलं तेव्हा रडू आलं.

शेजारच्या वहिनींनी आता माझ्याबरोबर यायचं ठरवलंय. त्यांना घेऊन रविवारी अजिंक्यताऱ्यावर जाणार आहे. वर जाताना दोघी चालत जाऊ. पळायचं ते खाली येताना.