माझा आवडता प्राणी : निडोरिनो



'माझा आवडता प्राणी' हा निबंध आपण सगळ्यांनीच शिकवलाय आणि तपासलाय. चाळीस वह्या आल्या की त्यात पंधरा गाई, दहा कुत्रे, पाच-सहा मोर आणि उरलेले वाघ-सिंह. गाईला चार पाय, दोन शिंगं, एक शेपूट. वाक्यांचा क्रमही ठरलेला. पहिल्या दोन ओळी वाचल्या की शेवटची ओळ आपल्याला पाठ असते.

यंदा सहावीच्या एका वहीत वेगळंच शीर्षक दिसलं. 'माझा आवडता प्राणी निडोरिनो'.

मुलानं लिहिलं होतं की हा प्राणी जांभळा आहे, चार पायांचा आहे. कपाळावर एक शिंग आहे आणि त्या शिंगात विष आहे. तो लवकर चिडतो. कान मोठे आहेत, धोक्याची चाहूल लागली की कान उभे करतो आणि शत्रूच्या आधी स्वतःच धडक देतो. लहानपणी त्याला निडोरान म्हणतात. सोळाव्या पातळीला पोचला की निडोरिनो होतो, आणि चंद्राचा दगड मिळाला की निडोकिंग. लहानपणी नर-मादी वेगळे ओळखता येतात, मादीचं शिंग छोटं असतं. जमिनीचा वार त्याला जास्त लागतो.

मी वहीवर लाल पेनानं लिहिलं, 'हा प्राणी खरा नाही. विषय नीट वाचावा.' आणि गुण दिले नाहीत.

मधल्या सुट्टीत पोरगं वही घेऊन आलं. रडत नव्हतं, पण तोंड पडलेलं. म्हणालं, "सर, वाघ मी कधी बघितलाच न्हाई. ह्येला मी रोज बघतो."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. वाघावर लिहिणाऱ्या आठही मुलांनी वाघ बघितला नव्हता. त्यांनी गाइडात बघून लिहिलं होतं आणि मी त्यांना दहापैकी सात-आठ गुण दिले होते.

हा निडोरिनो आहे तरी काय?

ज्या पालकांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोकेमॉन हा जपानमधला व्हिडिओ गेम. १९९६ साली तो पहिल्यांदा आला तेव्हा त्यात १५१ काल्पनिक प्राणी होते. ते शोधायचे, पकडायचे, वाढवायचे आणि एकमेकांशी झुंजवायचे. निडोरिनो त्यातला ३३ क्रमांकाचा. गेम ज्यांच्या डोक्यातून निघाला ते सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदा गावात किडे गोळा करत हिंडायचे. पुढे तिथली शेतं, तळी बुजली, इमारती आल्या. किडे शोधण्याची आपली मजा शहरातल्या मुलांना मिळावी, म्हणून त्यांनी हा खेळ रचला.

म्हणजे बघा, ज्या मुलांना शेत-रान उरलं नव्हतं त्यांच्यासाठी केलेला हा खेळ. तो येऊन पोचला आमच्या येरमाळ्याच्या परिसरात, जिथं शाळेबाहेर पाऊल टाकलं की बालाघाटचे डोंगर आणि सोयाबीनची रानं. आमची पोरं रानात उभी राहून मोबाइलमध्ये किडे पकडतात. मला आधी याचं हसू आलं. हसू गेलं ते पुढच्या प्रश्नानंतर.

मी सहज विचारलं, "आणि त्याचं विष दुसऱ्याला चढलं तर काय करायचं?"

त्याच्याकडे वडिलांच्या जुन्या मोबाइलवर जुना गेम आहे. तो म्हणाला, "चालायचं न्हाई सर. इष चढल्यावर जितकी पावलं चालू तितका जीव कमी व्हतो. औषध असंल तर लगीच द्यायचं, नसंल तर सरळ सेंटरला न्यायचं. मधी कुठं थांबायचं न्हाई."

मला काय आठवलं

मी पाचवीत असताना माझ्याच बाकावर बसणारा एक मित्र होता. पावसाळ्याचे दिवस. रात्री तो भावंडांसोबत जमिनीवर झोपला होता. पहाटे उठून पोट दुखतंय म्हणू लागला. घरच्यांनी ओवा दिला, पोट शेकलं. मग त्याच्या पापण्या मिटायला लागल्या. कुणी म्हणालं झोप येतेय, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. त्याला चालवत देवऋषीकडे नेलं. दवाखाना आठवेपर्यंत दुपार झाली होती. नंतर गोधडी झटकली तेव्हा तिच्यातून मण्यार निघाली.

मण्यार अशीच चावते. रात्री, झोपेत. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज येत नाही, फारसं दुखतही नाही. पुढे पोटात दुखतं, पापण्या जड होतात आणि मग श्वास अडतो. आमच्या गावातल्या मोठ्या माणसांना हे माहीत नव्हतं. विष चढल्यावर चालायचं नाही आणि सरळ दवाखान्यात न्यायचं, हे माझ्यासमोर उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या पोराला मात्र ठाऊक होतं. फक्त त्याचा आणि खऱ्या सापाचा काही संबंध आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं आणि मी लाल पेन चालवून मोकळा झालो होतो.

आकडा मोठा आहे, पण सांगायला हवा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं अंदाजे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारनं २०२४ मध्ये जाहीर केलाय.

मग वर्गात काय केलं

दुसऱ्या दिवशी त्याचा निबंध मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. मग फळ्यावर त्याचेच मुद्दे लिहिले: नाव, रंग-रूप, राहण्याची जागा, हत्यार, स्वभाव, कमजोरी, विष चढल्यावर काय करायचं. आणि म्हणालो, "आता हेच सगळं आपल्या रानातल्या प्राण्याबद्दल लिहायचं. पण घरी विचारून, बघून. गाइडात बघून नाही."

एका मुलीनं हात वर केला, "सर, शिंगात विष असलेला खरा प्राणी असतो का?"

मी शोधून दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. आपल्याकडे नाही, पण ब्राझीलच्या कोरड्या झुडपी रानात एक बेडूक आहे. त्याच्या कवटीवर बारीक हाडांचे काटे असतात. तो डोक्यानं धडक देतो आणि काट्यांवाटे विष टोचतो. तिथले शास्त्रज्ञ कार्लोस जारेड हे बेडूक गोळा करत असताना त्यांच्या हाताला तो काटा लागला आणि पाच तास हात ठणकत राहिला. २०१५ मध्ये याबद्दलचं संशोधन प्रसिद्ध झालं. पोरांनी "आईशप्पथ!" म्हणून आरडाओरडा केला. निबंधवाल्याचा चेहरा तर बघण्यासारखा झाला होता.

यातून एक चांगला मुद्दा निघाला. मराठीत आपण धोतऱ्याला विषारी म्हणतो आणि विंचवालाही विषारी म्हणतो. पण धोतरा खाल्ला तर बाधतो आणि विंचू नांगीनं विष आत टोचतो. निडोरिनो, तो बेडूक, साप आणि विंचू हे सगळे टोचणारे. हा फरक मुलांना एका मिनिटात कळला.

मग विंचू आला. आमच्या भागात विंचवाचं नाव काढलं की एकनाथांचं भारूड सगळ्यांना आठवतं, पण लाल विंचू आणि काळा विंचू यांतला फरक विचारला तर घरं गप्प होतात. मुलांना वाटत होतं की मोठा, काळाकुट्ट, जाड नांग्यांचा इंगळी विंचू जास्त घातक, कारण गेममध्ये निडोकिंग निडोरिनोपेक्षा मोठा आणि जास्त ताकदवान. खरं उलट आहे. आकारानं लहान, बारीक पंजांचा लाल विंचू जास्त घातक. त्याच्या विषानं हृदयावर ताण येतो, घाम सुटतो, छातीत पाणी होतं. लहान मुलांना जास्त धोका.

इथं मी त्यांना डॉ. हिंमतराव बावस्कर यांची गोष्ट सांगितली. आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. शिकून रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. तिथं विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत दगावत होती. प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून ते लक्षणं टिपत राहिले. त्यातून त्यांच्या लक्षात आलं की रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध इथं उपयोगी पडतं. १९८२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात त्यांचं काम छापून आलं आणि पुढे असंख्य जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी नेमकं काय केलं, तर बघितलं आणि लिहून ठेवलं. निबंधात आपण मुलांकडून हेच तर मागतो.

गेम जिथं चुकतो

हे सांगितलं नाही तर धडा अर्धा राहील. म्हणून तीन गोष्टी मी मुलांकडून वहीत चौकट करून लिहून घेतल्या.

पहिली, गेममध्ये प्राणी पकडायचा असतो. खऱ्या सापाला पकडायचं नाही, मारायला जायचं नाही, दवाखान्यात दाखवायला शोधत बसायचं नाही.

दुसरी, गेममध्ये एकाच बाटलीनं सगळी विषं उतरतात. खऱ्यात तसं नाही. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर चालते. घोड्याला थोडंथोडं विष टोचून त्याच्या रक्तापासून ती बनवतात, मुंबईच्या हाफकिनचं नाव त्यासाठीच आहे. पण विंचवाला ती लस चालत नाही, त्याचे उपचार वेगळे. कुठलं औषध द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

तिसरी, गेममध्ये बेशुद्ध पडलेला प्राणी सेंटरला नेला की उठून बसतो. माणूस तसा उठत नाही.

आणि पालकांनो, चावल्यावर काय करायचं तेही इथंच सांगतो. माणसाला आडवं ठेवा, धीर द्या, चालवू नका. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून न हलेल असा ठेवा. बांगड्या, अंगठी, पैंजण काढा. दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, तोंडानं ओढू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. तुमच्या जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात लस असते, हे आजच विचारून ठेवा.

चुनखडीचं रान

आमच्या गावची ओळख म्हणजे येडेश्वरी. चैत्र पौर्णिमेची यात्रा मोठी. दुसऱ्या दिवशी पालखी निघते आणि लाखो भाविक रानात चुनखडीचे खडे वेचतात. पोरंही त्यात असतात. ऐन उन्हाळा, आणि दगडाखाली गारव्याला विंचू बसलेला असायचा. यात्रेच्या आधी वर्गात आम्ही एकच नियम पाठ केला. खडा उचलायच्या आधी पायतानानं किंवा काठीनं हलवायचा, मग हात घालायचा. मुलांनी या नियमाला 'आधी कान उभे करायचे' असं नाव दिलं. निडोरिनोसारखे.

बाकी वह्या आल्या त्यात नाग होते, घोणस होती, गांधीलमाशीसुद्धा होती. त्या पोरानं मण्यार घेतली होती. त्याचे आई-वडील ऊसतोडीला जातात तेव्हा तो आणि लहान बहीण आजीपाशी असतात, खाली अंथरूण टाकून झोपतात. त्यानं लिहिलं होतं:

नाव : मण्यार.
रूप : काळी, अंगावर पांढरे बारीक पट्टे.
हत्यार : दात. दिसत नाहीत.
स्वभाव : दिवसा गरीब, रात्री घरात येते.
कमजोरी : मच्छरदाणी, कडा अंथरुणाखाली खोचलेली.

मी गुण दिले. आणि पहिल्या निबंधावरची माझी लाल ओळ खोडून त्याखाली सही केली.

परवा बाजारात त्याची आजी भेटली. म्हणाली, "गुरुजी, काय शिकवलंय पोराला? मच्छरदाणी आणस्तवर जेवंना. दोन आणाय लावल्या, मला येक आन् त्या दोघांला येक." मी म्हणालो, "कडा नीट खोचता का?" तर म्हणाली, "त्यो खोचतो की. रोज रातच्याला उठून बघतो."