सांडव्याकडची टिपणं

रात्री अकरानंतर आमच्या हॉलमध्ये दोनच आवाज उरतात, पंख्याचा आणि टाकीतल्या पाण्याचा. सासूबाई हॉलमध्येच झोपतात; मुलुंडच्या वन-बीएचकेत दुसरी सोय नाही. काल त्यांनी हाक मारली, "अगं, तुझं पाणी आज घशात अडकल्यासारखं बोलतंय." उठून पाहिलं तर ड्रेनच्या पाइपात हवा शिरत होती. व्हॉल्व्ह अगदी थोडा फिरवला, पाच मिनिटं थांबले, आवाज गेला. बिघाड मला दिसायच्या आधी त्यांना ऐकू येतो.

०

मांडणी एकदा नीट लिहून ठेवते. वर खाऱ्या पाण्यातल्या मासे-प्रवाळांची १२० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरची टाकी, काठोकाठ भरली तर २४३ लिटर. खाली कपाटात सम्प, म्हणजे कप्पे पाडलेली दुसरी टाकी. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात काचेची उभी पेटी आणि पेटीच्या वरच्या कडेला दातेरी कंगवा. पाणी कंगव्यावरून पेटीत सांडतं, पेटीतल्या पाइपातून स्वतःच्या वजनाने सम्पमध्ये उतरतं, तिथे गाळून निघतं आणि रिटर्न पंप ते परत वर चढवतो. चढायला वीज लागते, उतरायला लागत नाही. जमिनीवर पाणी येण्याचे जेवढे प्रकार मी पाहिले, ते सगळे या फरकातूनच निघाले.

०

आमच्या सोसायटीतही हेच यंत्र आहे. जमिनीखालच्या टाकीतून पंप गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतो आणि तिथून ते घराघरांतल्या नळांना उतरतं. वॉचमन पंप बंद करायला विसरला की गच्चीच्या टाकीची ओव्हरफ्लोची नळी धो धो वाहते आणि दोन मजल्यांवरून ओरडा होतो. फरक एवढाच की तिथे सांडणं म्हणजे चूक. इथे अखंड सांडत राहणं हेच टाकीचं जगणं आहे.

०

सुरुवातीला मी एक प्रश्न फार दिवस धरून बसले होते: पंप आणि ड्रेन अगदी सारखे कसे करायचे? प्रश्नच चुकीचा होता. वरून जेवढं सांडेल तेवढंच खाली उतरणार. कंगव्याच्या दातांची उंची ठरलेली असते, म्हणून टाकीतलं पाणी त्याच पातळीच्या किंचित वर राहतं. पंप जोरात चालला तर थर जरा जाड होतो, मंद चालला तर पातळ. धरणाच्या सांडव्यासारखंच आहे हे. आपण जुळवतो ते पाणी नाही, पेटीतल्या पाइपाची शांतता. पाइप पाण्याने गच्च भरून वाहिला पाहिजे, त्याच्या तोंडाशी हवा ओढली जाता कामा नये.

०

तुळशी तलाव भरून वाहू लागल्याची बातमी दर पावसाळ्यात येते, मग विहारची. तुळशीचं सांडलेलं पाणी विहारमध्ये येतं आणि विहार ओसंडला की ते मिठी नदीला मिळतं. विहार १८६० सालचा. त्यात भर घालण्यासाठीच पुढे तुळशी अडवला गेला. एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर, पंपाशिवाय. ही बातमी वाचताना मला दरवेळी आमच्या कपाटातले कप्पे दिसतात.

०

पाइप किती आणि कसे, याच्या तीन रीती आहेत. डर्सो पद्धतीत एकच पाइप, वर हवेला भोक. पाणी आणि हवा मिळून उतरतात, सोपं आहे, पण पाणी वाढलं की गुरगुरतं. हर्बी पद्धतीत दोन पाइप: एक सायफनचा, पूर्ण पाण्याने भरलेला, त्याला गेट व्हॉल्व्ह, दुसरा उंच तोंडाचा, कोरडा, अडचणीसाठी. बीनअॅनिमल पद्धतीत तीन: सायफन, थोडं पाणी वाहणारा उघडा पाइप आणि तिसरा कोरडा.

आमच्या पेटीत तीन पाइपांना जागा नाही. मी हर्बी निवडली, आणि दुसऱ्या पाइपातून बारीकशी धार कायम जाऊ देते. निव्वळ कोरडा ठेवणारे मला नको म्हणतील. पण ती धार दिसली की मला कळतं की पहिला पाइप भरलेला आहे आणि दुसरा तुंबलेला नाही. कोरडा पाइप तुंबला आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय समजत नाही.

०

ही धार का लागते, याचा हिशेब एका रविवारी मांडला. पेटीतल्या पाण्यापासून सम्पच्या पाण्यापर्यंत उभं अंतर ८५ सेंटिमीटर. सायफनचा वेग उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणजे पेटीत पाणी २ सेंटिमीटर चढलं तरी प्रवाह सव्वा टक्काही वाढत नाही. मिनिटाला २५ लिटरमध्ये फक्त ३०० मिलिलिटर. पंप चार टक्के जास्त देऊ लागला तर पेटीत पाणी सुमारे ७ सेंटिमीटर चढावं लागेल, तेव्हा कुठे सायफन तेवढं ओढेल. उलट पंप चार टक्के मंदावला तर पाणी तेवढंच खाली जाईल आणि पाइपाचं तोंड हवा ओढू लागेल. सायफन स्वतःला सावरतो खरा, पण फार मोठ्या चढउताराने. बारीक सावरण्याचं काम दुसऱ्या पाइपाच्या काठाचं: त्या काठावरून अर्धा सेंटिमीटर जास्त सांडलं की भागतं.

हे कळल्या दिवसापासून व्हॉल्व्हला रोज हात लावणं थांबलं.

०

पंपाच्या खोक्यावर ताशी ४००० लिटर लिहिलेलं होतं. तो आकडा शून्य उंचीचा. उंची, एल्बो आणि पाइपाचं घर्षण यांनी तो झपाट्याने उतरतो. मोजायची माझी रीत अशी: रिटर्नचं तोंड काढून त्याच उंचीवर १० लिटरच्या बादलीत धरायचं आणि घड्याळ लावायचं. १५ सेकंद लागले, म्हणजे ताशी २४००. तेही मला जास्तच होतं. पंपाचा वेग कमी करून २४ सेकंदांवर आणला, ताशी १५००. टाकीच्या सहापट. प्रवाळांना लागणारी हालचाल टाकीतले वेव्हमेकर देतात. सम्पमधून सगळा समुद्र फिरवायची गरज नसते.

बादलीचा आकडा दर महिन्याला वहीत लिहिते. वाढत गेलेले सेकंद म्हणजे पंपात साठत चाललेला चुना.

०

बॉल व्हॉल्व्हने बारीक जुळवणी होत नाही. पाव फेऱ्यात तो पूर्ण उघडा ते पूर्ण बंद. गेट व्हॉल्व्हला अनेक फेरे असतात, त्यातल्या एका फेऱ्याच्या आठव्या भागानेही आवाज बदलतो. नळवाल्या दुकानात मिळणारा पितळी गेट व्हॉल्व्ह इथे चालत नाही, खाऱ्या पाण्यात तांबं सुटतं आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ मरतात. प्लास्टिकचा शोधत नागदेवीच्या बाजारात गेले. तिथल्या दुकानदाराने विचारलं, "ताई, कुठल्या फॅक्टरीसाठी?" घरच्या टाकीसाठी म्हटल्यावर त्यांनी गल्ल्यामागून उठून तीन नमुने काढले, प्रत्येकाची चाकी फिरवून दाखवली आणि सर्वांत मऊ फिरणारा दिला.

दोन गोष्टी मात्र पक्क्या. अडचणीच्या पाइपाला व्हॉल्व्ह कधीही बसवायचा नाही. आणि सायफनचं खालचं तोंड सम्पच्या पाण्यात २-३ सेंटिमीटरच बुडवायचं. खोल बुडवलं तर लाइट आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडायला धडपडते आणि सायफन सुरूच होत नाही.

०

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या मुंबईची लाइट गेली. कळवा-पडघा भागातल्या पारेषण वाहिन्यांत बिघाड झाला होता, लोकल जागच्या जागी थांबल्या. आमच्याकडे दुपारी आली. त्या दिवशी एक थेंबही जमिनीवर सांडला नाही आणि मी टाकीसमोर बसून जवळजवळ रडले. कारण त्याच्या आदल्या वर्षी काय झालं होतं, ते मला आठवत होतं.

०

तेव्हाचं. टाकी बांधून देणाऱ्याने रिटर्नचं तोंड पाण्याखाली १२ सेंटिमीटर ठेवलं होतं, "मस्त प्रवाह मिळतो" म्हणून. दुपारी लाइट गेली, मी ऑफिसात. पंप थांबला की रिटर्नचा पाइप स्वतःच सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत टाकीतलं पाणी उलटं खाली ओढतो. टाकीतला एक सेंटिमीटर म्हणजे ५.४ लिटर. १२ सेंटिमीटर म्हणजे ६५. सम्पमध्ये जागा होती ४५ लिटरची. उरलेले वीस लिटर हॉलभर, आणि तिथून खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छतात.

काका रागावले नाहीत. म्हणाले, "अहो, पाण्याचं काय, वाळेल." पण ते वाळल्यावर छतावर मिठाचा पांढरा डाग उमटला, रंग फुगून पडला. रंगाचे पैसे आम्ही दिले. तो डाग मात्र पुढच्या पावसाळ्यात परत वर आला. खारं पाणी स्लॅबमध्ये शिरलं की आतल्या सळईला गंज चढवतं. बेफिकिरी केली तर ती दुसऱ्याच्या डोक्यावर टपकते, म्हणून हे लिहून ठेवलं आहे.

आता तोंड २ सेंटिमीटर खाली आहे. लाइट जाते तेव्हा टाकीतून सुमारे ११ लिटर, पेटी आणि पाइपांतून आणखी सहा लिटर. सम्प सहा सेंटिमीटर चढतो. काठाखाली तेवढी जागा सोडून काचेवर पक्क्या मार्करने रेघ ओढली आहे. चालू असताना पाणी त्या रेघेवर कधीच भरायचं नाही. सायफन तोडायला रिटर्नच्या पाइपाला भोकही आहे, पण त्या भोकावर माझा भरवसा नाही. शेवाळ ते पंधरा दिवसांत बुजवतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचं तेच, एक मिठाचा खडा अडकला की तो उघडाच राहतो.

०

उलटी बाजूही तपासली. दोन्ही पाइप एकदम तुंबले आणि पंप चालूच राहिला तर? पंप त्याच्या कप्प्यातलं पाणी वर ओतत राहणार. कप्पा २५ बाय ३८, ओढता येण्याजोगं पाणी १५ सेंटिमीटर: साधारण १४ लिटर. टाकीत ते अडीच-पावणेतीन सेंटिमीटर चढेल. काठापर्यंत ४ सेंटिमीटर मोकळे आहेत. निभावतं. कप्पा मोठा असता तर बरं, असं पूर्वी वाटायचं. आता तो लहान आहे याचं बरं वाटतं.

०

मे महिना. पाण्यावर पंखा लावला की तापमान २७ वर टिकतं, पण दिवसाला चार लिटर पाणी उडून जातं. टाकीत ते दिसत नाही, कारण तिथली पातळी सांडव्याने धरलेली. सगळी घट पंपाच्या कप्प्यात: चार लिटर म्हणजे चार सेंटिमीटरहून जास्त. भरलं नाही तर पंप भोवरा करून हवा ओढतो आणि टाकीभर बारीक बुडबुडे. भरायचं ते गोडं, क्षार काढलेलं आरओ-डीआयचं पाणी. मीठ उडून जात नाही.

जुलैत उलटं. हवाच ओली, पंखा फिरतो पण पाणी उडत नाही, तापमानही उतरत नाही. कुर्ला-घाटकोपरकडे पाणी तुंबलं की इकडे लाइटही जाते-येते. बॅटरीवरचा एअर पंप त्या दिवसांत चार्ज करून हाताशी. २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरला आठ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. पाणी तापलं की आणखी कमी. सांडवा थांबला की वरची तेलकट साय तशीच राहते आणि हवेशी देवाणघेवाण मंदावते.

०

काय ठेवते आणि काय नाही. दगडी प्रवाळ नाहीत. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रपंखेही. माझ्याकडे दुसऱ्यांच्या टाकीत वाढवलेले झोअँथिड आणि मशरूम हे बिनसांगाड्याचे प्रवाळ, आणि पैदास केलेली क्लाउन माशांची जोडी. खाडीच्या पुलापलीकडे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउन माशांची पैदास होते, त्याचं मला फार अप्रूप आहे. किनाऱ्यावरून मी एक खडाही उचलत नाही.

झोअँथिड कंगव्यावर चढले की हातमोजे घालूनच काढायचे. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं; उकळतं पाणी ओतायचं नाही, वाफही बाधते.

०

जुहूच्या खडकांवर हेच झोअँथिड सतरंजीसारखे पसरलेले असतात. पौर्णिमेच्या उधाणानंतरच्या ओहोटीला गेले होते. पाणी खूप मागे गेलेलं, ते मिटून, चिकट होऊन, गढूळ डबक्यांच्या काठाला बसलेले. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरपर्यंत जातो, दिवसातून दोनदा. वरळी आणि हाजी अलीलाही दगडी प्रवाळ आहेत. सागरी किनारा रस्त्यासाठी २०२० च्या नोव्हेंबरात त्यांच्या १८ वसाहती काढून दुसरीकडे लावल्या. ज्यांनी हे शहर सोसलं आहे, त्यांना पाहून आल्यावर माझ्या टाकीतल्या एक-अष्टमांश फेऱ्याच्या जुळवाजुळवीकडे मी अधिकच काळजीने बघू लागले. त्यांच्यामागे समुद्र आहे, यांच्यामागे एक पंप.

०

लहानपणी बाबांनी तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं होतं. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी उद्घाटन केलेलं. मासे सगळे पाहत होते, मी काचेच्या कडेशी वाकून पाणी कुठून जातं ते शोधत होते. दिसलं नाही. भिंतीमागून येणारा आवाज मात्र आठवतो.

०

आज. सायफन परत हवा ओढत होता, व्हॉल्व्ह फिरवूनही थांबेना. पंप बंद केला, पाइपाचं तोंड उघडलं. आत वाटाण्याएवढी गोगलगाय, जिवंत. टाकीत सोडली. कंगवा धुतला, दात मोकळे केले. सायफन दीड मिनिटात भरला, दुसऱ्या पाइपात बारीक धार. सासूबाई झोपल्या आहेत.

बादली: २७ सेकंद. गेल्या महिन्यात २४. रविवारी पंप उघडायचा. व्हिनेगर संपलंय, आणायचं.