ठासणीत काडतुसाची दारू? नको रे बाबा



भात दाण्यावर आलं की आमच्या पनवेलच्या डोंगरपट्टीत रात्रीची राखण सुरू होते. एका अंगाला विमानतळ आणि टॉवर, दुसऱ्या अंगाला माथेरानचा पायथा. नवी मुंबई म्हटलं की माणसांना शेत दिसत नाही, पण मालडुंगे-धोदाणीकडच्या रानडुकराला ते बरोबर दिसतं! म्हणून कोकणात अजून घरोघरी नाही, पण वाडीगणिक एखादी ठासणीची बंदूक सापडते. 1959 च्या शस्त्र कायद्यात, कलम 13 मध्ये, पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. (परवाना राखणीचा आहे, शिकारीचा नाही. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते.)

आता मुद्द्यावर येतो. वाडीतल्या एका पोरानं मला मोबाईलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला. बंदूक तोंडाकडूनच भरायची, पण धूर नाही, राख नाही, बार कडक. म्हणाला, "काका, बारा बोरचं काडतूस फोडून त्यातली दारू आपल्या ठासणीत घातली तर? धुण्याची कटकटच मिटली." त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळली की निम्म्याहून जास्त भाग राख आणि धूर होतो, बाकीचा वायू. दाब वाढला म्हणून तिचा जळण्याचा वेग फारसा वाढत नाही. काडतुसातली बिनधुराची दारू वेगळ्या जातीची. ती नायट्रोसेल्युलोजची असते आणि जवळजवळ सगळीच वायू होते. तिचा स्वभाव असा, की दाब वाढला की ती आणखी वेगानं जळते, वेग वाढला की दाब आणखी वाढतो. चुलीतल्या लाकडात आणि कोंडलेल्या गॅसमध्ये जो फरक, तसाच काहीसा हा.

दाब म्हणजे किती? आपला एचटीपी फवारणी पंप 20-25 किलोवर चालतो, म्हणजे साधारण 300-350 पीएसआय. तेवढ्यात पाईप सुटला तर माणूस लांब उडी मारतो. ठासणीत काळ्या दारूचा दाब काही हजार पीएसआयपर्यंत जातो. आधुनिक रायफलचं 30-06 काडतूस 60,000 पीएसआयच्या मर्यादेपर्यंत बनवतात, म्हणजे चार हजार किलोच्या वर.

पोरगा हुशार, लगेच म्हणाला, "पण बारा बोरची मर्यादा तर 11,500 च आहे ना?" बरोबर आहे. पण तो आकडा अख्ख्या काडतुसाचा आहे. तोललेली दारू, ठराविक वॅड, ठराविक छर्रे आणि तोंडाची घडी, हे सगळं जुळवून तो दाब आवरलेला असतो. तीच दारू काळ्या दारूच्या मापानं ओतली, वर हातानं ठासली, की आकड्याला काही अर्थ उरत नाही. नळी फुटते तेव्हा डावा हात नेमका तिच्याखालीच असतो.

दुसरी गोष्ट टोपीची, म्हणजे केपची. काडतुसात बार उडाला की त्याचं कवच फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसतं, प्रायमरला मागून आधार असतो, वायू मागं येत नाही. ठासणीत तसं काहीच नाही. निपलपासून दारूपर्यंत एक उघडं भोक असतं, त्यावर टोपी, आणि टोपीवर फक्त घोड्याची स्प्रिंग. काळ्या दारूचा परतीचा झोत घोडा सहन करतो. दाब वाढला की घोडा मागं फेकला जातो, टोपीच्या चिंध्या उडतात, आणि त्या वेळी आपला डोळा जेमतेम हातभर लांब असतो.

व्हिडिओतली ती बंदूक याच कामासाठी बनवलेली असते. सॅव्हेज कंपनीची 10 एमएल-2 घ्या. तिची नळी रायफलच्या तोडीची, काडतुसाच्या बुडाला असतो तसा 209 प्रायमर, त्याच्या मागं बोल्ट बंद, आणि दारूकडं जाणारं भोक अगदी बारीक. तिथंही कंपनीनं सांगितलेलीच दारू, सांगितलेल्या वजनानंच. आपली आजोबांच्या काळातली नळी त्या पंगतीत बसत नाही.

बरं, काळी दारू वापरतो म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. भोक वापरानं झिजून मोठं होतं. उडाल्यावर टोपीचे तुकडे होत असतील, घोडा आपोआप वर येत असेल, किंवा गालावर काजळी बसत असेल, तर निपल बदलायची वेळ झाली. ते काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या, लोहाराकडून नको.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा होते, तेव्हाही हे लक्षात ठेवा. 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, मतदान 20 नोव्हेंबरला, म्हणजे भाताचा सगळा हंगाम त्यातच गेला. न धुता दिलेली बंदूक परत येते ती गंजून, कारण काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. जमा करण्याआधी रिकामी करा, नळी गरम पाण्यानं धुवा, कोरडी करून तेल लावा. परत आली की आधी नळीत आणि निपलच्या भोकात बघा.

वापरताना एवढं पाळा. गजावर दोन खुणा करा, रिकाम्या नळीची आणि भरलेल्या नळीची. म्हणजे बारावर बार भरला जात नाही आणि छर्रे दारूपासून वर अडकले तर कळतं; मध्ये पोकळी राहिली तरी नळी फुगते. टोपी सगळ्यात शेवटी लावा. दमट हवेत टोपी वाजली पण बार उडाला नाही, तर तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान दोन मिनिटं थांबा. उशिरा उडणारा बार तेवढ्यात उडतो. तोंडात डोकावून बघायचं तर कधीच नाही.

धुण्याची कटकट अर्ध्या तासाची आहे. भाताचं एक खाचर डुकरानं नेलं तर पुढच्या वर्षी परत लावता येतं, बोटं आणि डोळे नाही.