शिंगाळा

पुणे परिसरातील नद्यांच्या माशांविषयी बोलणे निघाले, की जाणकारांच्या तोंडी पहिले नाव येते ते खडसाचे. गळ घेऊन हिंडणाऱ्या साहेबांनी त्याला महसीर म्हणून डोक्यावर घेतले. आमच्याकडे त्याला देवाचा मासा म्हणून अभय मिळाले. देहूच्या घाटावर भाविक इंद्रायणीतल्या माशांना खाऊ घालतात, तेथे कोणी गळ टाकीत नाही. लोणावळ्याला वळवणच्या तलावापाशी टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून खडसाची पिल्ले वाढवून देशभर पाठवली गेली. सोनेरी झाक असलेले मोठे खवले, प्रवाहाविरुद्ध पोहण्याची ताकद, शिवाय अंगाला चिकटलेले पावित्र्य. कीर्ती मिळायला आणखी काय लागते?

माझे मामा शिंगाळा धरीत.

शिंगाळ्याला खवले नसतात. अंग बुळबुळीत, डोके चपटे, तोंडाभोवती लांब मिशा. पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या परांना कठीण काटे असतात. त्याचा धाकटा भाऊबंद शिंगटी. तो बोटभर असला तरी काटा मारला की हात तासभर ठणकतो. मामा खडकीच्या एका कारखान्यात कामाला होते आणि राहायला दापोडीला, जेथे पवना मुळेला मिळते. दुसरी पाळी नसेल त्या दिवशी संध्याकाळी ते हॅरिस पुलाच्या खालच्या अंगाला जाऊन बसत. बांबूची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा, बाटलीचे बूच आणि डालड्याच्या डब्यात ओल्या मातीतली गांडुळे, एवढा सरंजाम. शिंगाळा तळाशी वावरतो, अंधार पडल्यावर खायला निघतो. त्यामुळे बुचाकडे पाहून उपयोग नसे. मामा तंगूस तर्जनीवर घेऊन बसत आणि बोटानेच ओळखत. "हा नुसता चाटतोय," ते म्हणत. मग बऱ्याच वेळाने, "आता घेतलं."

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. म्हणजे १९९०च्या आसपासची ही गोष्ट. पाण्याला वास येऊ लागला होता, पण नदी अजून नदी होती. मासा बाहेर आला की मामा त्याचे नाव सांगत. मला ती नावे ऐकण्यात रस नव्हता. मला खडस हवा होता. शाळेतल्या एका मित्राच्या घरी शिकारीच्या कथांचे पुस्तक होते, त्यात साहेबाच्या हातात खडस होता, जवळजवळ साहेबाएवढा. मी वर्गात ठोकून दिले की माझे मामा खडस धरतात.

एका रविवारी तो मित्र पाहायला आला. मामांच्या बादलीत दोन शिंगाळे आणि चार-पाच शिंगट्या होत्या. मिशा हलवीत एकमेकांवर लोळत होत्या. मित्र हसला. मी मामांच्या देखत म्हणालो, "आज खडस लागला नाही वाटतं."

मामांनी माझ्याकडे पाहिले. मग गळाला गांडूळ लावता लावता म्हणाले, "खडस इथं कशाला येईल भाचेराव? हे पाणी शिंगाळ्याचं." बस, एवढेच. त्यांनी मला खोटे पाडले नाही. पण त्यानंतर मी त्यांच्याबरोबर जायला काही ना काही कारणे काढू लागलो, आणि त्यांनीही फारसा आग्रह केला नाही.

पुढे मराठी घेऊन एम.ए. झालो, महाविद्यालयात शिकवू लागलो. बोलीतले शब्द गोळा करा, आजी-आजोबांना विचारा, असे दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगतो. मामा गेले त्याला आता बारा वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यात काही वेगळेच शोधत असता कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचा दख्खनच्या माशांवरचा लेख हाती आला. मुंबई सरकारने १८२४ साली साइक्स यांना दख्खनची सांख्यिकीय माहिती जमवायला नेमले होते. ती जमवताना त्यांनी पक्षी पाहिले, मासेही पाहिले. १८३९ साली त्यांनी हे मासे शास्त्राच्या दरबारात रुजू केले, तेव्हा बहुतेकांना इथल्या लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन प्रत्ययांच्या शेजारी बसवली. मुळा-मुठेचे त्यांनी 'मोटा मोला' करून टाकले आहे, ते असो.

त्या यादीत मला मामा भेटले. सींघाला. सींगटी. गोग्रा, म्हणजे घोगऱ्या. शिंगाळ्याला आजही जगभरचे शास्त्रज्ञ स्पेराटा सींघाला म्हणतात. खडसालाही साइक्स यांनीच शास्त्रात आणले, पण त्या रात्री मी खडसाचे पान उलटून पुढे गेलो. कुतुर्नी, इचकीया, टाकरी, गुंगवारी: ही सारी मिशाळ माशांची नावे. ती उच्चारून पाहिली. मराठी कानाला ओळखीची वाटतात आणि हाती लागत नाहीत. कुतुर्नीत कुतरणे आहे की कातरणे? बादलीशी उभे राहून एकदा विचारले असते तर उत्तर मिळाले असते. परभाषेतल्या एका लष्करी अधिकाऱ्याने विचारले. मराठीच्या प्राध्यापकाने नाही.

परवा मुद्दाम बंडगार्डनच्या बाजूला गेलो. जलपर्णीच्या कडेला तिघे-चौघे तरुण गळ टाकून बसले होते. हाती नव्या धर्तीच्या काठ्या, गळाला कोंबडीची आतडी. लागला तोही मिशाळच होता, पण काळपट, लांबोडा: आफ्रिकन मांगूर. हा मासा हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, म्हणून जेथे इतर मासे गुदमरतात तेथे तो सुखाने वाढतो आणि उरलेल्यांना खातो. त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे. हरित लवादाने २०१९ मध्ये साठे नष्ट करण्याचा आदेशही दिला होता. त्याला परका म्हणून नाक मुरडावे, तर आपल्या खडसाचीही एक बाजू आहेच. लोणावळ्याहून गेलेली पिल्ले कावेरीत रुजली, आणि तिथला मूळचा कुबडा महसीर आज संपण्याच्या वाटेवर आहे. कीर्तिवंतांबद्दल हे सहसा सांगितले जात नाही.

तेथून उठून दापोडीला मामींकडे गेलो. सोबत वही होती. साइक्सची नावे एकेक करून वाचून दाखवली. मामी डोळे मिटून ऐकत होत्या. मधूनच मान हलवीत, बहुतेकदा नाही.

"नावं त्यांना ठाऊक," त्या म्हणाल्या. "मी नुसती साफ करून कालवण करायची. शिंगाळ्याला मधला एकच काटा, म्हणून तुला तोच वाढायची."

मी घोगऱ्या म्हणालो, तेव्हा मात्र त्यांनी डोळे उघडले.

"तो मोरीत टाकला की घुरघुरायचा. पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा रडत मामांच्या मागं लपला होतास. विसरलास?"

वहीत तेवढे लिहून घेतले.