आठव्या मैलाचं तिकीट

सीताबर्डीहून वाडीला येताना कित्येक वर्षं मी त्यापुढच्या आठव्या मैलाचं तिकीट काढायचो आणि वाडी नाक्यावर उतरायचो. वरचे पैसे गेलेले परवडत; 'वाडी' म्हणणं परवडत नसे. 'व'साठी खालचा ओठ दातांना टेकला की तिथंच चिकटायचा. मान ताठ, डोळे मिटलेले, कंडक्टरच्या पंचची टकटक आणि मागून आवाज, "बोल ना बे!" 'आ' मात्र सहसा दगा देत नसे. म्हणून आठवा मैल.

आजी वेखंड मधात उगाळून जिभेवर चाटवायची. जीभ जड आहे, एवढंच निदान. पण गणपतीच्या आरतीत हीच जीभ सुरळीत चालायची. "तिथं बरं येतं तुले!" बाबा म्हणत. त्यांना वाटे, मी मुद्दाम करतो. पुढं कळलं, की गाताना, चारचौघांच्या सुरात म्हणताना बहुतेक तोतऱ्यांचं अडखळणं थांबतं. बोलण्याच्या हालचाली वेळेवर जुळवणारी मेंदूतली घडी जरा वेगळी असते, कधी ती घराण्यातूनही येते. दोन ते पाच वर्षांच्या वयात अनेक मुलं अडखळतात, बहुतेकांचं आपोआप सुटतं. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एकाचं उरतं. भीतीनं तोतरेपण येत नाही. आलेल्याला ती खतपाणी घालते.

"हळू बोल, श्वास घे" हे सल्ले मी ऐकून सोडायचो. खरा छळ शब्द पूर्ण करणाऱ्यांचा. एकदा टपरीवर तर्री पोहे मागायला गेलो. "त... त..." मालक मोठा मायाळू. "ताक?" मी मान हलवली आणि ताक पिऊन आलो. पोहे समोरच वाफाळत होते.

चाळिशीत एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी उलटंच शिकवलं: लपवू नका, मुद्दाम अडखळा, पण सैल ओठांनी. अमेरिकेतल्या चार्ल्स व्हॅन रायपर यांचा हा मार्ग. ते स्वतःही तोतरे होते. पहिल्यांदा मला ती थट्टाच वाटली.

परवा बर्डीवर बसलो. कंडक्टर कोवळा पोरगा. मी 'व' धरला. त्यानं शब्द पुरवला नाही, नजर फिरवली नाही. मशीनवर अंगठा ठेवून उभा राहिला. शब्द निघाला तोवर रविनगर चौक मागं गेला होता. तिकीट वाडीचं मिळालं. वरचे पैसे वाचले.