सवची चावी

शनिवार, ८ जून २०२४. इलफर्ड, पूर्व लंडन

हीथ्रोवर गळाभेट झाली आणि ट्रॉली माझ्या हातातून काढून घेत त्याने विचारलं, "कौलं चाळून घेतलीस का?" प्रवास कसा झाला, जेवलात का, काही नाही. मी म्हटलं, घेतली, तुझीपण आणि माझीपण. मग कुठे हसला. माझ्या या बालमित्राच्या, महाडजवळच्या सवमधल्या घराची चावी आमच्याकडे असते. त्याची आई गेल्यापासून घर बंद आहे. दर मेमध्ये आम्ही ते उघडतो, झाडतो, कौलं बघतो आणि परत कुलूप लावतो.

आम्ही सवच्या मराठी शाळेत एका बाकावर होतो. १९७४ साली तो इकडे आला. आता दाढी पांढरीशुभ्र, गुडघ्यांची कुरकुर, आणि नातवंडांशी बोलताना असं इंग्रजी की मला निम्मंच कळतं. माझ्याशी बोलायला लागला की मात्र थेट सावित्रीकाठचा.

हिने, माझ्या बायकोने, बॅग उघडली तेव्हा सुकटीचा वास घरभर गेला. त्याची सून खिडक्या उघडायला धावली आणि भाभी त्या बंद करायला. कोकम, कुळथाचं पीठ, पोह्याचे पापड, सगळं भाभींनी एकेक करून हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "सुकटीची चटणी आज नाही, उद्या. आज दमला असाल." पण रात्री जेवताना ती पानात होतीच.

नऊ वाजून गेले तरी बाहेर लख्ख उजेड. मगरीबची अजान सव्वानऊच्या पुढे. हा सोफ्यावर पेंगत थांबलेला. "उन्हाळ्यात इथे अल्लाशी बोलायलासुद्धा जागरण करावं लागतं," म्हणाला.

रविवार, ९ जून

दिवसभर घरीच. त्याच्या मनातलं सव जसंच्या तसं आहे, त्यात एकही माणूस मेलेला नाही. अमक्याची बैलगाडी, तमक्याचा गूळ, होडीवाला, शाळेची घंटा. मी "आहे, आहे" म्हणत जातो. ही मध्येच सांगते, "तो गेला भावजी, पुरात नाही, त्याच्या आधीच." मी डोळ्यांनी खुणावलं तर मलाच म्हणाली, "डोळे कसले करता? त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं."

मंगळवार, ११ जून

आज त्याने रॉयल अल्बर्ट डॉकला नेलं. पर्यटकांच्या यादीत ही जागा नाही. लांबच लांब सरळ पाणी, पलीकडे धावपट्टी, आणि दर थोड्या वेळाने एक विमान पाण्याच्या कडेने उडतं. १८८० साली उघडलेली ही गोदी १९८१ मध्ये मालाच्या जहाजांना बंद झाली. पुढे १९८७ मध्ये इथे सिटी एअरपोर्ट आला. एकही क्रेन हलत नाही.

याचे वडील मुंबईहून निघणाऱ्या बोटींवर डेकखलाशी होते. त्या बोटींवर कामाची वाटणी मुलखावरून व्हायची. डेकवर आमच्या कोकणातले मुसलमान, इंजिनाच्या भट्टीशी पंजाबी नाहीतर पठाण, भटारखान्यात आणि सलूनमध्ये गोव्याचे. सारंग हा त्यांचा मुकादम, भरतीही बहुधा त्याच्याच ओळखीने. एकाच गावचे दहा जण एका बोटीवर दिसायचे ते त्यामुळे. गोऱ्या खलाशाच्या मानाने पगार कितीतरी कमी. आणि करारच असा की काम संपलं की माणूस परत हिंदुस्थानात उतरवायचा, इथे रेंगाळू द्यायचा नाही. लंडन पाहिलेली माणसं आमच्या खाडीकाठी कितीतरी होती, पण त्यांनी पाहिलेलं लंडन म्हणजे ही गोदी आणि तिच्या आजूबाजूच्या चार गल्ल्या.

"बा मला सांगायचा, लंडनला समुद्रच नाही, नुसतं नळातलं पाणी. हे बघितल्यावर कळलं, तो या डॉकबद्दल बोलत होता."

दोन्ही महायुद्धांत असे हजारो खलाशी बुडाले. लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी जहाजांवरच्या ब्रिटिश माणसांचं मोठं स्मारक आहे, नावं कोरलेली. हिंदी खलाशांची आठवण वेगळी ठेवली, मुंबईत मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आणि चितगावला. मशीद बंदरावरून मी आयुष्यभर गेलोय. आत कधी पाऊल टाकलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही.

ही तेवढ्यात भाभींबरोबर बाकावर बसून संत्रं सोलत होती. म्हणाली, "इथे भावजींचे वडील किनाऱ्यावर तरी उतरले असतील का?" याला माहीत नव्हतं.

गुरुवार, १३ जून

हिचं माहेर महाडचं, चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे लंडनमध्ये तिला एकच जागा बघायची होती: १०, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनवर उतरून चालत गेलो. दोन्हीकडे एकसारख्या विटांच्या घरांची रांग. निळी गोल पाटी दिसली तेव्हा कळलं हेच ते. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने हे घर घेतलं. मग वस्तीत संग्रहालय नको म्हणून शेजाऱ्यांची हरकत, स्थानिक कौन्सिलचा नकार, आणि शेवटी २०२० मध्ये वरून मंजुरी. शेजारी इथून तिथून सारखेच.

आत फोटो, पुस्तकं, पलंग. नागपूरकडचं एक कुटुंब आलेलं. त्यातल्या आजीने चपला बाहेर फूटपाथवरच काढून ठेवल्या. ही जिना चढून वर गेली, खोली पाहिली आणि म्हणाली, "एवढीशीच?" धनंजय कीरांनी चरित्रात लिहिलंय की लंडनच्या दिवसांत रात्री भूक लागली की बाबासाहेब पापड भाजून खायचे. वाचलं तेव्हा ते वाक्य नुसतं डोळ्यांखालून गेलं होतं. आज हिने एका दमात हिशेब मांडला: सकाळी धड न्याहारी नाही, दिवसभर वाचनालय, रात्री चार पापड. "आणि यातून तो रुपयावरचा ग्रंथ?" म्हणाली. हो, त्याच प्रबंधावर १९२३ मध्ये डी.एस्‌सी.

परतताना टेकडीवरच्या बागेत बसलो, प्रिमरोझ हिलवर. लंडन सगळं खाली पसरलेलं. याने विचारलं, "तुला शाळेत शिकवलं होतं का, डिसेंबरच्या परिषदेला महाडात कुणी जागा देईना?" २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर अस्पृश्यांना मारहाण झाली, तेव्हा किती तरी जणांनी मुसलमानांच्या घरात आसरा घेतला. पुढे सवर्णांनी एकशे आठ घागरींनी तळं 'शुद्ध' केलं. डिसेंबरमध्ये बाबासाहेब पद्मावती बोटीने निघाले, दासगाव बंदरात उतरले आणि तिथून चालत महाडला. मंडपाला जागा दिली ती फत्तेखान यांनी. तळ्याचा खटला मात्र १७ मार्च १९३७ पर्यंत हायकोर्टात चालला.

"आमच्या घरात हे बोलायचे," तो म्हणाला. आमच्या घरात नाही बोलायचे. माझे आजोबा तेव्हा तिशीतले, सवात राहणारे, दासगावला नेहमी जाणारे. त्यांनी काय पाहिलं, कुठल्या बाजूला उभे होते, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. हिच्या माहेरी तर म्हणे पाहुण्यांसमोर विषयच काढायचा नाही असा दंडक होता. ही गवत उपटत बसली होती, एकदम म्हणाली, "माझ्या आजीच्या घरातली घागर त्या एकशे आठांत असेल तर?" कुणाकडेच उत्तर नव्हतं.

रविवार, १६ जून

ईद. यांच्या मशिदीची आज, याच्या चुलतभावाची उद्या, कारण चंद्राबद्दल इथे दोन मतं. म्हणजे शीरखुर्मा दोनदा. हिने पुरणपोळ्या करायला घेतल्या, पण डाळ नीट शिजेना. सुनेने ती कुकरला लावून चार शिट्ट्यांत मऊ केली.

मंगळवार, १८ जून. बाथ

पॅडिंग्टनहून बाथ स्पा, गाडीने दीड तासाच्या आत. हा म्हणाला होता, "तुला आपलं सव दाखवतो, गोऱ्यांचं." चेष्टा वाटली होती, पण खरंच. जमिनीतून ४६ अंश सेल्सिअसचं पाणी येतं, दिवसाला दहा लाख लिटरपेक्षा जास्त. मेंडिप टेकड्यांवर हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस खोल मुरतो, तापतो आणि भेगांतून वर येतो. आपल्या कोकणातही हेच: वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, सव, उन्हवरे, तुरळ, राजापूरचं उन्हाळे. एका रांगेत ओवल्यासारखी.

रोमन लोकांनी इथे मोठं कुंड बांधलं, तळाशी शिशाचे पत्रे घातले. ते पत्रे अजून आहेत. वरचं छप्पर गेलं, ऊन लागून पाणी हिरवंगार झालं. उतरायला बंदी. १९७८ साली या पाण्यातल्या अमिबामुळे एक मुलगी मेंदूच्या विकाराने दगावली, तेव्हापासून. आता शेजारच्या नव्या स्नानगृहात तिकीट काढून शुद्ध केलेल्या पाण्यात डुंबायचं.

माझा वेळ गेला तो काचेमागच्या शिशाच्या चिठ्ठ्यांपाशी. शंभराहून जास्त सापडल्या. आंघोळ करताना कुणाचा झगा चोरीला गेला, कुणाचे हातमोजे. चोराचं नाव माहीत नाही, म्हणून सुलिस देवीला लिहून कळवलेलं: पुरुष असो की बाई, गुलाम असो की मोकळा, त्याला झोप लागू देऊ नकोस, वस्तू तुझ्या देवळात आणून टाकेपर्यंत. काहींनी अक्षरं उलटी लिहिलीत. पत्रा गुंडाळून झऱ्यात टाकायचा. हे तर सरळ गाऱ्हाणं! ग्रामदेवतेपुढे गुरवाने घातलेलं. 'बारा पाचाच्या' सोडलं तर बाकी सगळी वकिली भाषा तीच.

पंप रूममध्ये ते पाणी पेल्यात देतात. कोमट, खनिजांची चव. हिने एक घोट घेऊन पेला ठेवला. याने पुरा प्यायला आणि म्हणाला, "गंधक नाही. सवच्या पाण्याची सर नाही." मग बराच वेळ सवच्या कुंडांचंच बोलत राहिला. शुक्रवारी आंघोळ, खरजेवाल्यांची गर्दी, आईने डोकं धुतलेलं. नंतर विचारलं, "नदीला अजून मासा आहे ना तसाच?"

या वेळी हिच्याआधी मीच बोललो. एमआयडीसी झाल्यापासून कधी नदीत मेलेला मासा तरंगतो, कधी नदीतला मासा चुलीवर ठेवला की वेगळाच वास येतो. २०२१ च्या २२ जुलैला महाड बुडालं, तळीये गाव दरडीखाली गेलं, आणि तुझ्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. तुला त्या वेळी 'थोडं शिरलं' एवढंच सांगितलं होतं. आईची पेटी गेली. खालच्या फडताळातली कागदपत्रं गेली.

गाडी येईपर्यंत तो गप्प होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "पेटीत माझ्या बाची नळी होती. खलाशाची दाखल्याची पुस्तिका." नळी म्हणजे पत्र्याची नळकांडी, कागद भिजू नयेत म्हणून.

शुक्रवार, २१ जून

आज वटपौर्णिमा. भाभींच्या बागेत वड कुठला. हिने कागदावर काढला, मुंबईच्या चाळीत बायका काढतात तसा. नातीने त्याला हिरवा रंग भरला, पारंब्यांनासुद्धा.

उद्या निघायचं म्हणून दुपारी हिने विषय काढला. "भावजी, घर विकायचं की ठेवायचं? यांना भीड पडते, मला नाही पडत. आमचीही सत्तरी आली. आता कौलांवर चढायला माणूस मिळत नाही, मिळाला तर हजेरी परवडत नाही." भाभी म्हणाल्या, विका. मुलगा म्हणाला, अब्बू, आम्ही कोण जाणार तिथे. याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, कौलं काढून पत्रा घातला तर किती खर्च येईल?

मग तासभर पत्रा, अँगल, मजुरी. मी अंदाज सांगितला, त्याने पौंडात भागाकार केला. घरपट्टी भरलेल्या पावत्या मी आणल्या होत्या, त्या त्याला दिल्या. सातबाऱ्यावर अजून त्याच्या वडिलांचंच नाव आहे, वारस नोंदीला त्याला स्वतः यावं लागेल हेही सांगितलं. डिसेंबरमध्ये येतो म्हणाला. मागेही असं म्हणाला होता. पण या वेळी भाभींनी लगेच फोनवर तिकिटांचे दर बघायला घेतले.

चावी मी टेबलावर ठेवली होती. त्याने उचलली, उलटीपालटी केली आणि हिच्या हातात दिली. "वहिनी, कुलूप गंजलंय म्हणालात ना? नवं घ्या, चांगलं पितळी. पैसे मी पाठवतो."

"पैसे पाठवू नका," ही म्हणाली, "चावी न्यायला या. आणि येताना दोन किल्ल्या करून घेऊ, एक आमच्याकडे राहू दे."